समजून घ्या : रेणूची आकृती डाउनलोड करू नका, स्वतः काढा!

संध्याकाळी पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेल्या लोकलमध्ये अकरावी-बारावीची मुलं लगेच ओळखू येतात. पाठीवर जड सॅक, हातात मोबाइल आणि स्क्रीनवर सरकणारी सेंद्रिय रसायनशास्त्राची फ्लॅशकार्डं. पुढे संयुगाचं नाव, मागे आकृती. तळेगाव, वडगाव, कामशेत... स्टेशनं मागे पडतात, तशी कार्डंही. त्यातल्या बऱ्याच आकृत्या कुठल्या तरी पीडीएफचे स्क्रीनशॉट असतात.

बारावीत मीही हेच केलं. नोट्समधल्या आकृत्यांचे फोटो काढले आणि तेच घोकले. चार पर्यायांत बेंझाल्डिहाइड दिसलं की बोट बरोबर तिकडे जायचं. कोऱ्या कागदावर काढायची वेळ आली की पेन थांबायचं. म्हणून आज माझं स्पष्ट मत आहे : कार्ड वापरा, पण त्यावरची आकृती स्वतः काढा.

ओळखणं आणि आठवणं, फरक काय?

एमएचटी-सीईटीत रसायनशास्त्राचे ५० आणि नीटमध्ये ४५ प्रश्न, सगळे पर्यायी. तिथे ओळखीवर बरंच निभावतं. पण बोर्डाची ७० गुणांची लेखी परीक्षा रचना काढायला लावते, तेव्हा पर्याय समोर नसतात.

रॉडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग इथे उपयोगी आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. आयती आकृती बघणं म्हणजे पुन्हा वाचणं. ती काढणं म्हणजे आठवणं.

संगणकावर रेणू काढतात कसे?

पूर्वी शोधनिबंधांसाठी रेणू शाईने आणि स्टेन्सिलने काढावे लागत. १९८५ मध्ये केमड्रॉ हे सॉफ्टवेअर आलं आणि माउसने षटकोन काढता येऊ लागला. ते विकत घ्यावं लागतं, पण विद्यार्थ्याला त्याची गरज नाही. केचर, पबकेम स्केचर आणि मोलव्ह्यू ही साधनं ब्राउझरमध्ये मोफत चालतात.

पद्धत सोपी आहे. रेघ म्हणजे बंध, रेघेचं टोक किंवा कोपरा म्हणजे कार्बन. कार्बनला चिकटलेले हायड्रोजन गृहीत धरले जातात. बाकीचे अणू अक्षराने दाखवायचे.

रेणू टाइपही करता येतो. 'स्माइल्स' नावाच्या लिपीत इथेनॉल म्हणजे 'सीसीओ' आणि डायमिथाइल इथर म्हणजे 'सीओसी'. दोन्हींत दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. फक्त ऑक्सिजनची जागा बदलली. पण इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, तर हा इथर उणे २५ अंशांच्या आसपासच. ही तीन अक्षरं स्वतः टाइप केली की समघटक म्हणजे काय, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

चिक्की आणि एक वाकडी रेघ

संगणक चूक दाखवतो, पण सगळ्या चुका नाही. कार्बनला पाचवा बंध जोडलात तर चांगलं सॉफ्टवेअर लगेच खूण करतं. आता लोणावळ्याच्या चिक्कीतला शेंगदाणा घ्या. त्याच्या तेलातला एक मुख्य घटक म्हणजे ओलिक आम्ल. १८ कार्बनची साखळी, नवव्या-दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आणि तिथे साखळीला बाक. हा 'सिस' प्रकार.

सॉफ्टवेअरमध्ये साखळीचं बटण वापरलं की सरळ नागमोडी रेघ येते. तिच्या मधल्या बंधाला दुहेरी केलं की तयार होतो 'ट्रान्स' प्रकार, म्हणजे इलाइडिक आम्ल. ओलिक आम्ल साधारण १३ अंशांना वितळतं, इलाइडिक ४० अंशांच्याही वर. एक आपल्या खोलीत द्रव, दुसरं घट्ट. अशाच ट्रान्स फॅटवर एफएसएसएआयने २०२२ पासून तेल-वनस्पतीत दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

संगणक इथे गप्प बसतो, कारण त्याच्या लेखी दोन्ही रेणू बरोबर आहेत. बाक कुठे द्यायचा, हे काढणाऱ्यालाच माहीत हवं. आयत्या कार्डावर तो बाक कधी लक्षातच येत नाही.

मग करायचं काय?

- आधी पुस्तक मिटून आकृती कागदावर काढा.
- मग तीच मोबाइलवर किंवा संगणकावर काढा आणि पुस्तकाशी ताडून बघा. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ मोफत मिळते.
- चुकलेलीच आकृती दुरुस्त करून कार्डावर घ्या. जी येते तिचं कार्ड कशाला?
- कार्डांसाठी अँकी हे ॲप अँड्रॉइडवर मोफत आहे (आयफोनवर पैसे पडतात). ते नेटशिवाय चालतं, त्यामुळे प्रवासात रेंज गेली तरी उजळणी थांबत नाही.

'एवढा वेळ कुठून आणायचा?' हा प्रश्न रास्त आहे. मावळातून पिंपरी किंवा पुण्याला क्लासला जाणाऱ्या मुलांचे रोजचे दोन-तीन तास प्रवासातच जातात. पण पाचशे आयती कार्डं चाळण्यापेक्षा रोज स्वतःची पाच करणं कमी वेळाचं काम आहे. घरी काढा, लोकलमध्ये आठवा.

आणि एक मागणी कनिष्ठ महाविद्यालयांकडे. संगणक कक्ष असेल तिथे रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचा एक तास रेणू काढायला द्या. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य आहे. क्लासचे महागडे छापील संच ज्यांना परवडत नाहीत, त्या मुलांच्या हातात त्याहून चांगला, स्वतः केलेला संच येईल.