पिशवी काढायची, तर पिशवीतूनच

कोल्हापूर-बेळगावकडची आई बंगळूरला लेकीकडे येते ती नातवंडांसाठी, आणि कधी कधी वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं दुखणं एकदाचं दाखवायला. अंगावरून फार जातं, ओटीपोट जड वाटतं. सोनोग्राफीत फायब्रॉइडची गाठ निघते. डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून गर्भाची पिशवी काढू, तीन-चार छोटी छिद्रं, लवकर घरी. त्यात खोटं काही नाही. दुखणं कमी, उठणं-बसणं लवकर. घाबरून ही शस्त्रक्रिया टाळू नका. फक्त सही करण्याआधी एक विचारा: एवढ्याशा छिद्रातून नारळाएवढी गाठ बाहेर कशी काढणार?

ती योनिमार्गातून अखंड निघू शकते. पोटावर थोडा मोठा छेद घेऊनही निघते. नाहीतर तिचे तुकडे करावे लागतात, आणि त्यासाठी फिरत्या पात्याचं मॉर्सिलेटर नावाचं यंत्र असतं. हे यंत्र पोटात उघड्यावर चालवलं, तर बारीक कण आत विखुरतात. गाठ साधी असली तरी ते कण आतड्यावर चिकटून रुजू शकतात आणि पुन्हा गाठी होतात. आणि फायब्रॉइडसारखाच दिसणारा सार्कोमा, म्हणजे कर्करोग, तिच्यात दडलेला असेल, तर तो पोटभर पसरतो.

अमेरिकेत बोस्टनमध्ये 2013 साली डॉ. एमी रीड यांच्या बाबतीत हेच झालं. त्या स्वतः भूलतज्ज्ञ, सहा मुलांची आई. कर्करोग कळला तो शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत. त्या आणि त्यांचे पती हुमान नूरचश्म यांनी आवाज उठवला. 2014 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने इशारा दिला: फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे 350 बायकांत एकीला असा दडलेला सार्कोमा असू शकतो. काही तज्ज्ञांना हा आकडा जास्त वाटतो. पण जिच्या वाट्याला ते येतं, तिला आकड्याचं काय? डॉ. रीड 2017 मध्ये गेल्या.

शस्त्रक्रियेआधी सार्कोमा खात्रीने ओळखणारी तपासणी अजून नाही. म्हणून पाळी गेलेल्या किंवा पन्नाशी ओलांडलेल्या बाईची गाठ या यंत्राने तुकडे न करता काढावी, असं एफडीए सांगते. पाळी गेल्यावर रक्त जात असेल किंवा गाठ वाढत असेल, तर आतल्या अस्तराची बायोप्सी आणि एमआरआय यांबद्दल आधीच विचारा. बाकीच्यांसाठीही तुकडे करायचेच असतील तर ते बंद पिशवीत करावेत. पोटात मजबूत पिशवी सोडतात, गाठ तिच्यात घालतात, तोंड छिद्राबाहेर ओढतात आणि आतल्या आत कापतात. पिशवी फाटू शकते, धोका शून्य होत नाही. तरी उघड्यावर कापण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ‘तुम्ही अशी पिशवी नेहमी वापरता का?’ असं सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

संमतीपत्र बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतं. लेकीने, जावयाने ते आईला मराठीत समजावून सांगावं. ‘मॉर्सिलेशन’ शब्द दिसला तर तिथे थांबावं. सही तिची, पोटही तिचं.

काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला जाणार ना, हेही विचारून घ्या. अहवालात शंका आली तर त्याच नमुन्याच्या स्लाइड आणि ब्लॉक मागता येतात आणि किडवाईसारख्या कर्करोग संस्थेत पुन्हा दाखवता येतात. आईला गावच्या बसमध्ये बसवण्याआधी तो अहवाल हातात घ्या आणि डॉक्टरांसमोर बसून वाचून घ्या.