उसात आलेले जंगल

शनिशिंगणापुरात घरांना दारे नाहीत, शनिदेवाच्या धाकाने चोर फिरकत नाही, ही ख्याती एवढी की २०११ मध्ये युको बँकेनेही तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. तरी रात्री चौकटीला फळी लावण्याची रीत आहेच. कुत्री-जनावरे आत शिरू नयेत म्हणून. चोराचे देव बघेल, जनावराचे आपणच बघायचे, असा हा रोखठोक हिशोब. जनावराचे आपणच बघायचे म्हटले की रानात तगून राहायची विद्या आलीच. ती आता कशाला, असे विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचा बेअर ग्रिल्स असतो. काड्या घासून विस्तव करणे आणि किडे खाणे शिंगणापूरच्या नेवासे तालुक्यातल्या माणसाला खरोखरच निरुपयोगी. पण रानच शिवारात आले, त्याचे काय? कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि बिबट्याला आडोसा मिळाला. भक्ष्य म्हणून कुत्री-डुकरे होतीच. याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांना शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास अभयारण्याचा नाही, माणसांनी गजबजलेल्या शेतशिवाराचा आहे.

वनखात्याने पिंजरे लावावेत, बिबटे दूर सोडावेत, हे म्हणणे रास्त वाटते. जुन्नर भागातून पकडलेले बिबटे असे दूर सोडले, तेव्हा सोडल्या जागेच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. म्हणजे शेजार सुटत नाही. मग रात्री एकट्याने दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाऊ नये, उसाच्या कडेला वाकून बसू नये, बोलत किंवा गाणी लावत चालावे, हे ठाऊक असणे हीच आजची रानविद्या. (शेतीपंपांना दिवसा वीज दिली तर यातली निम्मी लागणारही नाही, शेतकऱ्याला शहाणपण शिकवून महावितरणची जबाबदारी संपत नाही.)

मोबाइल आहे, १०८ची रुग्णवाहिका आहे, हा आक्षेप अधिक वजनदार. पण देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली. रुग्णवाहिका येईपर्यंत जवळचा माणूस काय करतो, याला मोल आहे. इथे जुन्या विद्येचे गोडवे गाऊन भागणार नाही. घट्ट आवळून बांधणे, जखमेवर चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे हाही वारसाच आहे आणि तो जीव घेतो. अंग हलू न देता प्रतिविष असलेला दवाखाना गाठणे, एवढेच खरे. मण्यार तर झोपलेल्याला चावते आणि खूण धड दिसतही नाही. ऊसतोड कुटुंबे हंगामभर कोपीत, म्हणजे झोपडीत, जमिनीवर निजतात. मुकादमामार्फत उचल देणाऱ्या कारखान्यांनी तिच्याबरोबर एक विजेरी, अंथरुणाखाली खोचता येईल अशी मच्छरदाणी आणि प्रतिविष असलेल्या सर्वांत जवळच्या दवाखान्याचे नाव द्यायला काय हरकत आहे?