नोंदीत दिसावी शुश्रूषा

क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात काम करताना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना एक गोष्ट फार खटकली होती. मृत्यूंच्या नोंदी जो तो आपापल्या पद्धतीने ठेवत होता, त्यामुळे एका रुग्णालयाची दुसऱ्याशी तुलनाच करता येत नव्हती. मायदेशी परतल्यावर त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकसारखे नोंदतक्ते सुचवले. 1860 मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे ते मांडले गेले. आज, 12 मे रोजी, त्यांचा जन्मदिवस आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून साजरा होत असताना तीच मागणी पुन्हा करावी लागत आहे. या वेळी ती खुद्द परिचारिकांच्या नोंदींसाठी आहे.

अर्धांगवायूचा झटका आलेला वयस्क रुग्ण ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात आणि तिथून वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचतो. आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण असल्यामुळे त्याच्या आजाराची ओळख एकाच संकेतांकाने तिन्ही ठिकाणी पटू शकते. शुश्रूषेचे तसे होत नाही. पहिल्या वॉर्डातल्या सिस्टर लिहितात ‘पाठ लाल’, दुसऱ्या लिहितात ‘बेडसोर सुरू’, तिसऱ्या लिहितात ‘त्वचा खराब, कूस बदलली’. अनुभवी माणूस हे वाचून अंदाज बांधेल. संगणकातून माहिती शोधताना मात्र या तीन सुट्या नोंदी ठरतात. लाली कधी दिसली, जखम किती खोल गेली, कूस किती तासांनी बदलली, हा धागा जुळत नाही. केसपेपर स्कॅन करून ठेवला की इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद तयार झाली, असे मानणे म्हणूनच चुकीचे आहे.

या प्रश्नावर जगात अर्धशतकाहून अधिक काळ काम चालू आहे, आणि ते परिचारिकांनीच सुरू केले. 1973 मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे त्यांची परिषद भरली आणि परिचारिका ज्या समस्या ओळखतात व हाताळतात त्यांची पद्धतशीर यादी करण्यास सुरुवात झाली. त्यातून पुढे ‘नांदा’ ही संस्था उभी राहिली. आयोवा विद्यापीठात शुश्रूषेतील कृतींचे आणि त्यांच्या परिणामांचे स्वतंत्र वर्गीकरण झाले. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने 1989 मध्ये सोलच्या अधिवेशनात जागतिक वर्गीकरणाचा ठराव केला. त्यातून ‘आयसीएनपी’ ही परिभाषा घडली. 2021 पासून ती ‘स्नोमेड सीटी’ या व्यापक वैद्यकीय परिभाषेतून उपलब्ध आहे. त्यामुळे डॉक्टरांचे निदान आणि परिचारिकांचे निरीक्षण एकाच चौकटीत नोंदवण्याची सोय झाली आहे.

या चौकटीचा उपयोग थेट रुग्णाच्या अंगाशी निगडित आहे. बेडसोरचा धोका मोजणारी ब्रेडन मोजपट्टी परिचारिका-संशोधकांनीच तयार केली. संवेदना, त्वचेचा ओलसरपणा, वावर, अंथरुणात हलण्याची क्षमता, पोषण आणि घर्षण या सहा गोष्टींना गुण देऊन 6 ते 23 अशी बेरीज येते. बेरीज जितकी कमी, तितका धोका जास्त. हे गुण ठरलेल्या रकान्यात, ठरलेल्या नावाने भरले, तर ड्युटी बदलली किंवा रुग्णालय बदलले तरी पुढच्या सिस्टरना घसरण लगेच दिसेल आणि जखम होण्याआधीच काळजी घेता येईल.

भारतासाठी ही दूरची गोष्ट नाही. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके 2013 मध्ये जाहीर केली आणि 2016 मध्ये सुधारली. भारत 2014 पासून स्नोमेडचा सदस्य असल्याने ही परिभाषा देशात विनामूल्य वापरता येते. तिच्या प्रसारासाठीचे राष्ट्रीय केंद्र तर पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. पाया घातला गेला आहे. त्यावर शुश्रूषेची नोंद ठसठशीतपणे उभी करायची बाकी आहे.

परिचारिकांची धास्तीही समजून घ्यायला हवी. भरलेल्या वॉर्डात रात्रपाळी सांभाळणाऱ्या सिस्टरना रजिस्टरही लिहायचे आणि संगणकही भरायचा, असे झाले तर नोंद शिस्तीची होईल, पण रुग्णाजवळचा वेळ आटेल. म्हणून संगणक आला की तीच माहिती रजिस्टरमध्ये लिहिणे बंद झाले पाहिजे. संकेतांक पाठ करण्याची वेळ कुणावर येऊ नये. स्नोमेडमध्ये प्रत्येक संकल्पनेला क्रमांक असतो आणि त्याला निरनिराळ्या भाषांतील नावे जोडता येतात. सिस्टरनी पडद्यावर वॉर्डात रुळलेले मराठी किंवा इंग्रजी नाव निवडावे, क्रमांकाचे काम यंत्रणेने करावे. शिवाय मोकळ्या शब्दांत लिहायला जागा राहिलीच पाहिजे. ‘रात्री एकटे वाटते’ असे रुग्णाने सांगितले, तर ते त्याच्याच शब्दांत उतरले पाहिजे.

हा विषय केवळ तांत्रिक म्हणून संगणक विभागाकडे सोपवता येणार नाही. पदे किती लागतात, कोणत्या वॉर्डावर किती भार आहे, हे निर्णय नोंदींच्या आधारे होतात. औषध, तपासणी आणि शस्त्रक्रिया मोजल्या जातात; कूस बदलणे, घास भरवणे, घाबरलेल्या नातेवाइकांना समजावणे हे मोजणीत येत नाही, आणि मग अपुऱ्या मनुष्यबळाची तक्रार पुराव्याअभावी फेटाळता येते.

राज्य सरकारने आजच्या दिवशी शुभेच्छांच्या पुढे जावे. रुग्णालयांसाठी संगणकप्रणाली घेताना शुश्रूषेच्या प्रमाणित नोंदींची अट निविदेतच घालावी. मराठी नावांची यादी ठरवणाऱ्या समितीत वॉर्डात आणि उपकेंद्रात काम करणाऱ्या परिचारिका बहुसंख्येने असाव्यात. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ही परिभाषा पहिल्या वर्षापासून प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींवर शिकवावी. ज्यांच्या देखरेखीवर रुग्ण चोवीस तास विसंबून असतो, त्यांचे काम त्याच्या आरोग्य नोंदीत स्पष्ट दिसणे हा रुग्णाचा आणि परिचारिकांचा, दोघांचाही हक्क आहे.