इतिहासाचा पदवीधर आणि कचेरीतील दप्तर

जळगाव-धुळ्याकडील एखाद्या महाविद्यालयातून इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या तरुणाला घरीदारी एकच प्रश्न विचारला जातो : आता पुढे काय? उत्तरेही ठरलेली आहेत. बी. एड. करून शिक्षक व्हावे, तर खासगी संस्थेतील जागेसाठी मागितल्या जाणाऱ्या ‘देणगी’चा आकडा ऐकूनच कोरडवाहू शेतकऱ्याचे घर हादरते. एम. ए. होऊन नेट-सेट उत्तीर्ण व्हावे, तर तासिका तत्त्वावरील वेठबिगारी वाट्याला येते. राहता राहिली स्पर्धा परीक्षा. अभ्यासिकेत उमेदीची पाच-सहा वर्षे सरतात आणि यादीत नाव झळकते ते एखाद्याचेच. मग विषयच निरुपयोगी, असा निकाल देऊन समाज मोकळा होतो. हा निकाल चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सातपुड्याकडे पाहावे. यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जी वनजमीन कसत आले, तिच्यावरील त्यांचा हक्क २००६ च्या वनाधिकार कायद्याने मान्य केला. परंतु १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपल्या ताब्यात होती, हे दाखविण्याची जबाबदारी दावेदारावरच आली. त्यासाठी गॅझेटिअर, जनगणना, मोजणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनखात्याची जुनी कागदपत्रे आणि गावातील वृद्धांचे जबाब हे पुरावे नियमांनी ग्राह्य धरले आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ज्यांना ‘साधने’ म्हणावयास शिकवितात, ती हीच. मात्र ती शोधावयाची कोणी? ज्याच्या घरात अक्षर पोहोचून एक पिढीही झाली नाही, त्या पावरा किंवा भिल्ल शेतकऱ्याने?

जातपडताळणीचीही हीच कथा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या नोंदी मागितल्या जातात. मजुरीसाठी गावोगाव हिंडलेल्या निरक्षर आजोबांची नोंद नातवाने कोठून आणावी? २०२३ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध शासनालाच करावी लागली. ज्या विद्येला बाजारात किंमत नाही म्हणून हिणविले, तिच्यावाचून सरकारचे अडले. निकड आली की जाणकाराला बोलवावयाचे आणि काम सरले की त्याला विसरावयाचे, ही रीत मात्र बदलली नाही.

ही उपेक्षा खानदेशात व्हावी, याचे वैषम्य अधिक वाटते. गावोगाव पायपीट करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ गोळा करणारे वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निवर्तले. त्यांचे दप्तर सांभाळणारे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे राहिले. कॉ. शरद पाटील यांनी इतिहासाची पदवी वा प्राध्यापकी यांच्यावाचून धुळ्यात राहून दास-शूद्रांच्या गुलामीचा इतिहास लिहिला. दोघांच्या विचारांत जमीनअस्मानाचे अंतर. पण दोघांनीही विद्यापीठाबाहेर राहून इतिहास घडविला. त्यांचे दाखले देऊन आजच्या तरुणाला अर्धपोटी राहण्याचा उपदेश करणे मात्र निव्वळ दांभिकपणा होय. त्याग हा व्यक्तीचा गुण आहे. वेतन चुकविण्यासाठी समाजाने त्याचा आधार घेऊ नये.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक तहसील कचेरीत जुन्या दप्तराची सूची करणारे, ते वाचून नागरिकाला समजावून देणारे अभिलेखपालाचे एक कायम पद असावे आणि ते इतिहासाच्या प्रशिक्षित पदवीधराला मिळावे. सातपुड्यातील वनहक्क समित्यांना पुरावे जमविण्यासाठी असा साहाय्यक आदिवासी विकास खात्याने सवेतन द्यावा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने मोडीवाचन, महसुली कागदांचा अभ्यास आणि मौखिक साक्षी नोंदविणे यांना पदवीच्या अभ्यासक्रमात सक्तीचे स्थान द्यावे. तरुणांनीही स्वतःची फसवणूक करू नये. गाईड पाठ करून मिळविलेल्या पदवीने दप्तराचा रुमाल सोडता येईल, त्यातील कागद वाचता येणार नाही.

तिजोरीत पैसा नाही, असे उत्तर मिळेल. पुराव्याअभावी दावा फेटाळला जातो, मग अपील, पुन्हा चौकशी, पुन्हा मोर्चा. या साऱ्याचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडावयाचा? तो आज दावेदार आपल्या बुडालेल्या मजुरीतून भरतो आहे.

या उपायाने सगळ्याच पदवीधरांना काम मिळेल, असा आमचा दावा नाही. परंतु इतिहास शिकून काय करणार, हे तरुणाला विचारण्यापूर्वी शासनाला एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या कागदावर तुम्ही गरिबाचा हक्क तोलता, तो कागद त्याच्या बाजूने वाचणारा माणूस तुम्ही कधी नेमणार?