जपानी मेपल : फोटो बघून शेती करायची का?

परवा भावकीतल्या एका पोरानं मोबाईल पुढं केला. "काका, जपानी मेपल. शहरातले बंगलेवाले कितीलाही घेतात म्हणे. दहा गुंठ्यात रोपं करू का?" पैसे उसने काढायच्या बेतात होता. म्हणून हे लिहितोय.

झाड वाईट नाही, हे आधी कबूल. जपान-कोरियाच्या डोंगरात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं हे लहान झाड, फार तर 6 ते 10 मीटर. हाताच्या पंज्यासारखं पान, 5 ते 9 बोटांचं. तिकडं पानगळीत डोंगर लाल होतात आणि लोक ते बघायला मुद्दाम जातात. शेकडो वर्षं निवड करून त्यांनी हजाराच्या वर जाती केल्यात.

पण लाली येते कशानं? दिवस लहान होतात, रात्री गार पडतात, पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि लाल रंगद्रव्य तयार होतं. पुढं झाड थंडीत झोपतं. ती झोप त्याला लागतेच. आपल्या मराठवाड्यात झोपायला थंडी कुठाय? त्यात मुळं उथळ, जमीन हलकी आंबटसर आणि निचऱ्याची हवी. आपली काळी चुनखडीची, पावसात चिखल अन् उन्हाळ्यात भेगा. एप्रिलचं कोरडं वारं लागलं की पानाच्या कडा करपतात. मी सांगोवांगी बोलत नाही. दोन कुंड्या आणल्या होत्या, शेडनेटखाली ठेवल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. एक मे महिन्यात गेली, दुसरी श्रावणात मूळ कुजून.

आणि बियांची पाकिटं! निळ्या मेपलचा फोटो कुणी दाखवला तर सरळ समजा, कॉम्प्युटरवर रंगवलाय. निळ्या पानाचा मेपल नसतो. खरं बी असलं तरी ते ओलसर वाळूत थंडीला तीन-चार महिने ठेवावं लागतं, तेव्हा उगवतं. उगवलं तरी आईसारखंच निघेल याची खात्री नाही. म्हणून चांगल्या जाती खुंटावर कलम करूनच वाढवतात, अन् वाढ मुंगीच्या पावलानं. हा हिशोब रोपं विकणारा सांगतो का?

कृषी पदवी घेतलेल्या मित्रांनो, राग मानू नका. "प्रयोग करून बघा" एवढं म्हणून तुम्ही मोकळे होता. प्रयोग दोन कुंड्यांत होतो, उसन्या पैशावर नाही. हिमाचल-उत्तराखंडच्या उंचीवर सांगा खुशाल, तिथं हिमालयातले स्वतःचे मेपल आहेतच. (काश्मीरचा चिनार मात्र मेपल नव्हे, पान तेवढं सारखं दिसतं.)

लालच हवं असेल तर फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीत कोशिंब बघा. कोवळी पालवी अशी लालबुंद की लांबून झाड पेटल्यासारखं दिसतं. बियांचं तेल निघतं, कुसुमी लाख याच झाडावरची. पण कोशिंबीची रोपं मागितली तर किती नर्सऱ्यांत मिळतील?

पोराला सांगितलंय, आधी फळं पिकू दे, ताजं बी गोळा करू, पन्नास पिशव्या भरू, मग पुढचं बघू. माझ्या त्या दोन कुंड्यांत सध्या कोथिंबीर आहे.