पदवी, पदक आणि पात्रता

परवां आमचा नातू शाळेंतला निबंध घेऊन मजजवळ आला. विषय होता ‘लोकनायक बापूजी अणे’. पहिल्याच ओळींत त्यानें ‘पद्मविभूषण बापूजी अणे’ असें लिहिलें होतें. मीं तो पहिला शब्द खोडला, तेव्हां स्वारी रुसली. “आजोबा, सरकारनें दिलेला मान तुम्ही कां काढून घेतां?” त्याला उत्तर देतांना जें मनांत आलें, तेंच आज वाचकांपुढें ठेवितों.

कांहीं राष्ट्रांत परराष्ट्रकार्यासाठीं स्वतंत्र मानचिन्हें असतात. दक्षिण कोरियाच्या अशा सन्मानास तर पांच श्रेणी आहेत. आपल्याकडे राजदूताचा विचारहि पद्मसन्मानांतच होतो. हे सन्मान २ जानेवारी १९५४ रोजीं स्थापन झाले. प्रथम पद्मविभूषणाचेच पहिला, दुसरा व तिसरा असे वर्ग होते. १९५५ च्या जानेवारींत त्यांस पद्मविभूषण, पद्मभूषण व पद्मश्री हीं नांवें मिळालीं.

श्रेणींपेक्षां पात्रतेचा नियम अधिक विचार करण्याजोगा आहे. वंश, व्यवसाय, हुद्दा, स्त्री किंवा पुरुष असा भेद तेथें नाहीं. मात्र डॉक्टर व शास्त्रज्ञ वगळतां सरकारी नोकरास नोकरींत असेतों हा सन्मान मिळत नाहीं. परराष्ट्रसेवेंतील अधिकाऱ्यासहि निवृत्तीची वाट पाहावी लागते. श्री. जयशंकर परराष्ट्रसचिवपदावरून २०१८ सालीं निवृत्त झाले आणि २०१९ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. शिवाय हें पदक आहे, पदवी नव्हे. घटनेच्या १८ व्या कलमानें पदव्यांस मनाई केली आहे, आणि हे सन्मान नांवाच्या मागें-पुढें लावूं नयेत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं स्पष्ट केलें. नातवाच्या निबंधांतील शब्द मीं खोडला तो ह्यासाठीं.

आपल्या जिल्ह्यांतील वणीचे बापूजी १९३० सालीं पुसदच्या जंगल सत्याग्रहांत तुरुंगांत गेले. पुढें व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत बसले. पण गांधीजींच्या उपोषणाच्या वेळीं, १९४३ च्या फेब्रुवारींत, त्यांनीं तें पद सोडलें. त्याच वर्षीं ते सिलोनांत हिंदुस्थानचे प्रतिनिधि म्हणून गेले व १९४७ पर्यंत तेथें राहिले. चहा-रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या तामिळ मजुरांचा प्रश्न त्या काळीं तेथें बिकट झाला होता. नंतर चार वर्षें ते बिहारचे राज्यपाल होते. इतकें सारें झाल्यावर पद्मविभूषण आलें तें १९६८ सालीं. आणि त्याच वर्षीं २६ जानेवारीस, वयाच्या ८८ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

संस्कृतांत ‘पात्र’ म्हणजे भांडें आणि योग्य पुरुषहि. भांडें स्वतः हांक मारीत नाहीं. तें ओळखणें पाहणाऱ्याचें काम. ह्या सन्मानासाठीं कोणीहि नागरिक दुसऱ्याची शिफारस करूं शकतो. कार्याचें वर्णन फार तर आठशें शब्दांत लिहून पाठवावयाचें. आमच्या तालुक्यांत एक वृद्ध शिक्षक होते. गोरगरिबांचीं मुलें घरीं ठेवून त्यांनीं जन्मभर शिकविलीं. त्यांच्याविषयीं लिहावें असें मी तीन वर्षें म्हणत होतों. जन्मभर मुलांचे निबंध तपासणाऱ्या मला आठशें शब्द लिहावयास सवड झाली नाहीं! गेल्या श्रावणांत ते गेले. मरणोत्तर सन्मान क्वचितच, अपवाद म्हणून दिला जातो, हा नियम मला ठाऊक होता. तरीहि मी थांबलों.

नातवाच्या निबंधांत ‘लोकनायक’ हा शब्द मीं राहूं दिला. तो कोणत्याहि सरकारनें दिलेला नाहीं, म्हणून कोणत्याहि कायद्यानें खोडतां येत नाहीं. वाचकहो, आपल्या ओळखींत असें एखादें पात्र असेल, तर माझ्यासारखा विलंब करूं नका.