साखळीपासून सूर्यापर्यंत

जमिनीवर मोजलेले अंतर खगोलीय एककात, म्हणजे पृथ्वी-सूर्याच्या सरासरी अंतरात, मांडायला एक भागाकार पुरतो. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने 2012 साली हे एकक 1,49,59,78,70,700 मीटर असे कायमचे ठरवून टाकले. त्या हिशेबाने गिरगाव चौपाटी ते दादर हे सरळ रेषेतले सुमारे 8 किलोमीटर म्हणजे एककाचा 1 कोटी 87 लाखावा भाग. आपली 33 फुटी साखळी, जिच्या चौरसाला आपण गुंठा म्हणतो, सुमारे 1,487 कोटी वेळा टाकावी तेव्हा एक एकक भरते. गणकयंत्र याच्या पुढचेही आकडे हौसेने देते. त्यांतल्या किती आकड्यांखाली मोजणीदाराने सही करावी, हा खरा प्रश्न आहे.

साधा फूट घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाने 1937 साली स्वीकारलेला फूट 0.30479841 मीटरचा, आणि आजचा आंतरराष्ट्रीय फूट 0.3048 मीटरचा. परळच्या एखाद्या चाळीच्या 100 फुटी हद्दीवर या दोहोंत 0.16 मिलिमीटरचा फरक पडतो. 1 इंचाला 40 फूट प्रमाणाच्या नकाशावर तो पेन्सिलीच्या रेघेत बुडून जातो. सूर्यापर्यंत नेला की हाच फरक 780 किलोमीटर होतो. पण एवढ्यावर फुटाला दोष देऊ नये. पोलादी टेप 10 अंशांनी जास्त तापली आणि दुरुस्ती केली नाही, तर 100 फुटांत साडेतीन मिलिमीटर जातात. लालबागच्या रस्त्यावर दुपारी बारानंतर टेप पसरणाऱ्याला हे सांगायला नको. सूर्याच्या अंतरावर तेवढ्याच प्रमाणातली चूक 17,000 किलोमीटरच्या वर जाते, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाहून जास्त. भागाकाराने चूक वाढत नाही आणि धुऊनही निघत नाही. तिचे प्रमाण तेच राहते. गुणकात बारा अंक असले, तरी तीन अंकांपुरती खात्रीची मोजणी तीन अंकांचीच राहते.

यावर कोणी म्हणेल, चाळीच्या पुनर्विकासात सूर्य कशाला? आक्षेप रास्त आहे; मिळकत पत्रिकेवर खगोलीय एकक कोणी लिहिणार नाही. पण हे एकक मुळात आपल्याच धंद्यातून निघाले आहे. लंबनावरून सूर्याचे अंतर काढताना पायारेषा असते ती पृथ्वीची त्रिज्या, आणि त्रिज्या मिळते ती साखळी, पायारेषा आणि त्रिकोणांच्या मोजणीतून. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीतल्या जॉर्ज एव्हरेस्टने 1830 साली दिलेली विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या मानाने सुमारे 860 मीटर कमी आहे. तेवढ्याने सूर्य 20,000 किलोमीटर जवळ येतो. तरीही त्या काळची मोठी चूक भूमापकांची नव्हती. खगोलशास्त्रज्ञ एन्केने शुक्राच्या अधिक्रमणांवरून काढलेले 8.57 विकलांचे लंबन आजच्या 8.794 पेक्षा इतके कमी होते, की सूर्य सुमारे 40 लाख किलोमीटर लांब गेला. ग्रहांवर रडार सोडल्यावर, 1961 च्या सुमारास, या कामातून त्रिज्येची मध्यस्थी संपली.

दुसरा आक्षेप नव्या उपकरणांचा: टोटल स्टेशन मीटरमध्येच बोलते, मग फुटांचा घोळ कशाला? कारण शहरातल्या जुन्या पत्रिका आणि खरेदीखते चौरस वारांत आहेत. 500 चौरस वारांचे 418.06368 चौरस मीटर करणारा कारकून गणितात चुकत नाही, पण मूळ मोजणीत नसलेली बारीकी तो कागदावर चढवतो, आणि पुढे चटईक्षेत्राचा वाद त्या दशांशांवर उभा राहतो. म्हणून आमच्याकडे लेख पाठवणाऱ्यांनी मूळ आकडा त्याच्या मूळ मापातच द्यावा, फूट कोणता तो सांगावा, मोजणीचा अंदाजी दोष प्रमाणात लिहावा आणि रूपांतर त्यानंतर, तेवढ्याच अंकांत करावे.